बरे झालेले आजारी

माझं मत स्पष्ट आहे. बरा झालेला माणूस आजारपणाच्या रजेवर राहता कामा नये. कचेरीत नाही, आणि फँटसी हॉकीत तर नाहीच नाही.

फँटसी हॉकी म्हणजे बर्फावर पाय न ठेवता खेळायची हॉकी. एन.एच.एल.चे खरे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचे. त्यांनी तिकडे गोल केला की इकडे आपल्याला गुण. आम्ही टोरांटोतली दहा मराठी मंडळी हा उद्योग करतो. (बायको ह्याला उद्योग म्हणत नाही.) एखादा खेळाडू जायबंदी झाला की त्याला 'इंज्युअर्ड रिझर्व्ह'च्या कप्प्यात ठेवायचं आणि त्याच्या जागी बदली घ्यायचा. नियम माणुसकीचा आहे. गुडघा त्याचा मोडला, शिक्षा मला का?

पण आमच्यातल्या एका गृहस्थांनी ह्या कप्प्याचा माळा केलाय. खेळाडू बरा होतो, तिकडे गोलसुद्धा मारतो. ह्यांच्याकडे तो पलंगावरच! विचारलं तर म्हणतात, "बरा झालेला कप्प्यात असला तर नवी भरती बंद, एवढंच नियम म्हणतो. मला कुठे भरती करायचीय?" म्हणजे त्याचे गुण ह्यांना नाहीत, अन् आम्हालाही नाहीत.

वर दाखला देतात कुचेरोव्हचा. डिसेंबर २०२० मध्ये त्याच्या कमरेच्या सांध्याचं ऑपरेशन झालं. टँपा बे संघाने त्याला दीर्घ आजाऱ्यांच्या यादीत टाकलं आणि त्याच्या ९५ लाख डॉलर पगाराएवढी सूट ८ कोटी १५ लाखांच्या पगारमर्यादेत मिळवली. साखळी सामने संपेपर्यंत गडी घरी. बाद फेरीला पगारमर्यादा लागू नव्हती. तिच्या पहिल्याच सामन्यात हजर, आणि दोन गोल! ३२ गुण, स्टॅन्ली कप, वर मर्यादेपेक्षा १ कोटी ८० लाख जास्त असल्याचं मिरवणारा टी-शर्ट. सगळं नियमात बसवून, बरं का!

अहो, पण पुढचं सांगा ना! त्या लीगनेच २०२५-२६ पासून बाद फेरीलाही मर्यादा लावली. कुणालाच लाज वाटली नसती तर नियम कशाला बदलला असता?

"खेळच तो," म्हणणाऱ्यांनी आमच्यातल्या नवख्या पोराला विचारावं. त्याचे दोन बचावपटू एकाच आठवड्यात मोडले. मोकळ्या यादीत घेण्याजोगा कुणी उरला नव्हता. चांगला होता तो ह्यांच्या माळ्यावर. पोरगा म्हणतो, पुढच्या वर्षी नको.

म्हणून माझी सूचना : बरा झाल्यापासून सात दिवसांत दोघांतला एक सोडा, नाहीतर बदली आपोआप सुटेल. सामने सुरू होण्याआधी मतदान घ्या. गृहस्थ विरोध करणार. तसे ते फराळाला येतातच, तेव्हा बोलू.