घडीचा चाकू आणि पावसाळा

आंब्याच्या फोडी करताना घडीच्या चाकूचे पाते डगमगू लागले, की पुष्कळ घरांत कोणी पात्याला धार लावतो, तर कोणी त्याच्या खिळ्यावर हातोडी मारतो. दोन्ही उपाय घाईचे आहेत. पाते बोथट असणे हा एक दोष आणि ते जागेवर नसणे हा निराळा. पहिल्याने कापणाऱ्याचे श्रम वाढतात. दुसऱ्याने बोटांना भय असते.

जबलपूरसारख्या शहरी या दोषाचे मूळ पुष्कळदा हवेत असते. मे महिन्यात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो व हवा कोरडी होते. पुढे पाऊस लागला की तीच हवा दमट होते. लाकूड ओलाव्याने फुगते आणि कोरड्या हवेत आक्रसते. म्हणून लाकडी मुठीचा चाकू आषाढात घट्ट होतो आणि वैशाखात सैल पडतो. फ्रान्समधील सॅव्हॉय प्रांतात १८९० साली जोझेफ ओपिनेल यांनी घडवलेल्या प्रसिद्ध चाकूलाही हा नियम चुकलेला नाही. उघडे पाते बोटांवर मिटू नये म्हणून १९५५ साली त्याला फिरती कडी बसवण्यात आली. लाकडाचे फुगणे मात्र तिने थांबले नाही. तेव्हा भर पावसात घट्ट झालेला चाकू सैल करू नये. मूठ सावलीत सुकू द्यावी आणि मगच दोष उरला आहे का ते पाहावे.

दुरुस्तीपूर्वी चाकू स्वच्छ करावा. फळांचा वाळलेला रस व धूळ खिळ्याजवळ साचली असता पाते अडते. जुन्या दातांच्या ब्रशाने ती काढावी, पाते कोरडे पुसावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडावा. खोबरेल तेल वापरू नये. ते थंडीत थिजते.

आता चाकू मिटून वरून पाहा. पाते मुठीच्या खाचेत मधोमध असावे. ते एका बाजूस टेकत असेल आणि खिळ्याच्या जागी स्क्रू असेल, तर स्क्रू किंचित सैल करून टेकणाऱ्या बाजूस जाड कागदाची पट्टी सरकवावी. मग स्क्रू थोडा थोडा आवळावा आणि पट्टी काढून पुन्हा पाहावे. एका वेळी पेचकसाचा अष्टमांश फेरा पुरे. पाते हाताने वाकवू नये. कडक पोलाद वाकण्याऐवजी तुटते. हे करताना धारेवर जाड कापड गुंडाळण्यास विसरू नये.

रिव्हेट ठोकून बसवलेल्या चाकूची गोष्ट वेगळी आहे. रिव्हेटवर एक ठोका अधिक पडला, तर तो मागे घेता येत नाही. हे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे. १९०४ सालापासून तोफगाड्यांचा कारखाना असलेल्या या शहरात असा फिटर शोधणे कठीण नाही.

शेवटी एक परीक्षा उरते. चाकू पूर्ण उघडून पाते वरखाली हलवून पाहा. तसे हलत असेल, तर दोष पाठीच्या स्प्रिंगमध्ये किंवा कुलुपात आहे आणि स्क्रू आवळून तो जाणार नाही. असा चाकू दुरुस्त होईपर्यंत मुलांच्या हाती पडू देऊ नये, आणि वडीलधाऱ्यांनीही वापरू नये.