कान आमचे, नोंद कोणाची?

सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यात पाऊल टाकले की बोलणे थांबते आणि खुणा सुरू होतात. त्या खडखडाटात उभे आयुष्य काढणारा विणकर पन्नाशीच्या आसपास घरच्यांना 'जरा मोठ्याने बोला' असे सांगू लागला, तर त्याला कोणी आजार मानत नाही. वास्तविक १९४८च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टातही गोंगाटामुळे येणारे बहिरेपण व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेले होते.

आतल्या कानाच्या शंखाकृती भागात सुमारे पंधरा हजार रोमपेशी असतात. शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका शरीराचा तोल सांभाळण्यास मदत करतात. ऐकण्याच्या या रोमपेशी माणसात एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. कोंबडीत मात्र होतात, हे १९८०च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झाले. जे कोंबडीला साधते ते माणसाला का साधू नये? याचे उत्तर कोणत्या पेशीत कोणते जनुक केव्हा जागे होते यात दडलेले आहे, आणि ते शोधणे एकट्या प्रयोगशाळेच्या आवाक्यातील काम नव्हे. म्हणूनच रॉना हर्टझानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात 'गियर' नावाचे संकेतस्थळ उभारले. निरनिराळ्या प्रयोगशाळांनी उंदीर, कोंबडी, मासा आणि माणूस यांच्याविषयी जमवलेली माहिती तेथे एकत्र पाहता येते. त्यासाठी संगणकाची आज्ञावली लिहिता येणे आवश्यक नाही. सोलापुरातील प्राध्यापकालाही तो खजिना विनामूल्य खुला आहे.

पण असल्या जागतिक भांडारांत आपण केवळ घेणारेच राहणार काय? जन्मजात बहिरेपणास कारण ठरणाऱ्या जीजेबी-२ या जनुकात युरोपात '३५डेलजी' हा दोष प्रामुख्याने आढळतो, तर भारतात 'डब्ल्यू२४एक्स'. हाच भारतीय दोष स्लोव्हाकिया आणि स्पेनमधील रोमा समाजातही सापडला. शतकांपूर्वी येथून गेलेल्या आपल्या बांधवांची खूण कानात टिकून राहिली! (अर्थात दोष हा मिरवण्याचा वारसा नव्हे.) परक्यांच्या नोंदींवर बेतलेली तपासणी आपल्या बालकांना पुरेशी ठरणार नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. सोलापुरातील काही समाजांत मामा-भाचीचे, आते-मामे भावंडांचे विवाह रूढ आहेत. तेथे तर या नोंदींचे मोल अधिकच आहे.

आपली जनुकीय माहिती जगापुढे का ठेवावी, असा आक्षेप आपल्यातलेच काही जण घेतात. त्यामागील शंका अनाठायी नाही. परंतु हळदीचा लढा आठवावा. १९९५ साली मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेले पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने जुने ग्रंथ व छापील लेख पुराव्यादाखल मांडले म्हणून. दडवून ठेवलेली माहिती त्या लढ्यात काय कामाची होती? स्वदेशीचा अर्थ कुलूप लावणे असा नाही. किल्ली आपल्या हाती असणे असा आहे.

ती सोय आता झाली आहे. फरीदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रात ठेवलेली सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये ठरावीक नियमांनुसार संशोधकांना खुली करण्यात आली. पण ती निरोगी व्यक्तींची आहे. बहिऱ्या मुलांची, चक्कर येऊन पडणाऱ्या वृद्धांची, मागावरच्या विणकरांची माहिती कोण देणार? शिबिरात काढलेला श्रवणालेख रुग्णाच्या पिशवीत जातो आणि तेथेच संपतो. नाव वगळून, मराठी, तेलुगू व कन्नड या भाषांत समजावून घेतलेल्या संमतीनिशी तो फरीदाबादला पोहोचावा. डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयाने आणि यंत्रमागधारकांनी ठरवले, तर येत्या वर्षीच विणकरांच्या श्रवणतपासणीपासून याचा आरंभ होऊ शकेल.