शर्टासाठी श्रमदान

महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर पूर्वी वक्तृत्वस्पर्धांना जो मान होता तो आता हॅकॅथॉनला मिळू लागला आहे. दोन दिवस आणि मधली एक रात्र अखंड बसून संगणकाच्या आज्ञावली लिहावयाच्या आणि अखेरीस त्या परीक्षकांपुढे मांडावयाच्या, असे या उपक्रमाचे सर्वसाधारण स्वरूप. २०२० सालच्या साथीने त्याला घरोघर नेले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट इंडिया हॅकॅथॉनची अंतिम फेरी दूरस्थ पद्धतीने झाली आणि तीत दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी भाग घेतला. सावंतवाडीच्या मुलीला मुंबईचा प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च न करता पवईच्या मुलाबरोबर एका कामात हात घालता यावा, ही गोष्ट लहान नाही. परंतु असे मेळावे ‘ओपन सोर्स’च्या, म्हणजे ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचण्यास, बदलण्यास आणि फुकट वापरण्यास मोकळी असते अशा प्रकल्पांच्या, साहाय्यार्थ भरवले जातात, तेव्हा ते साहाय्य खरोखर कोणाच्या पदरात पडते, हे पाहणे अवश्य आहे.

‘हॅकॅथॉन’ हा शब्द रूढ झाला तो १९९९ सालच्या जूनमध्ये, कॅनडातील कॅलगरी शहरी. ओपनबीएसडी या प्रणालीवर काम करणारे दहा जण तेथे जमले होते. संदेश गुप्त ठेवण्याच्या तंत्राच्या निर्यातीवर अमेरिकेने कायद्याने बंधने घातली होती, म्हणून सीमेपलीकडे बसून ते काम उरकावे, असा त्यांचा बेत होता. तेथे बक्षीस नव्हते, परीक्षक नव्हते. जमलेली माणसे आदल्या दिवशीही तेच काम करीत होती आणि घरी परतल्यावरही तेच करणार होती. आजच्या मेळाव्यांत नेमकी हीच गोष्ट आढळत नाही. रविवारी सायंकाळी निकाल लागतो आणि सोमवारी त्या आज्ञावलीला वाली उरत नाही.

ही उणीव केवळ हौशी मंडळींची म्हणून सोडून देता येत नाही. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोन लिनक्सच्या गाभ्यावर चालतो. बँकेशी होणारा आपला गुप्त व्यवहार अशाच मोकळ्या आज्ञावलींवर विसंबून असतो. २०१४ साली ‘हार्टब्लीड’ या दोषाने जगाची झोप उडवली, तेव्हा उघड झाले की, ज्या ओपनएसएसएलवर इंटरनेटचा मोठा भाग निर्धास्त होता, तिच्या सांभाळास पूर्ण वेळ वाहिलेला माणूस एकच होता आणि देणग्यांची आवक वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर! २०२४ सालचे ‘एक्सझेड’ प्रकरण तर याहून बोधप्रद आहे. हे साधन एक गृहस्थ वर्षानुवर्षे विनामोबदला सांभाळीत होते. ते थकले असता काही अनोळखी नावांनी, काम लवकर का होत नाही, असा तगादा लावला. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ हे नाव धारण केलेली व्यक्ती मदतीस पुढे आली, दोन-अडीच वर्षे इमानाने राबली, विश्वास मिळवला आणि मग आत चोरवाट ठेवून दिली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला यंत्रात प्रवेश मिळण्यास अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा संशय आला, म्हणून २९ मार्च रोजी ती उघडकीस आली. एकाकी राखणदाराला मदतीचा हात हवा असतो; पण तो कोणाचा, हे पाहण्याचे त्राणही त्याच्यात उरत नाही.

अशा माणसांच्या दारात आपण घाऊक मदत नेऊन टाकली तर काय होते, याचा धडा २०२० सालच्या ऑक्टोबरने दिला. ‘डिजिटलओशन’ या कंपनीच्या ‘हॅक्टोबरफेस्ट’ या उपक्रमात महिनाभरात चार दुरुस्त्या सुचवणाऱ्या पहिल्या सत्तर हजार जणांना टी-शर्ट मिळावयाचा होता. हिंदीतील एका लोकप्रिय चित्रफितीने ते किती सोपे आहे, हे दाखवून दिले. मग काय, माहितीपत्रात ‘सुंदर प्रकल्प’ असे दोन शब्द घुसडलेल्या दुरुस्त्यांचा लोंढा लोटला, आणि त्यात आपल्या देशातील विद्यार्थ्यांचा वाटा मोठा होता, हे कबूल केले पाहिजे. ज्यांनी कधी शाळेत वह्या तपासल्या आहेत त्यांना ही पीडा समजेल. एकाच वहीवरून उतरवलेला निबंध साठ वेळा वाचावयाचा आणि प्रत्येक वेळी शेरा लिहावयाचा! तेथे निदान पगार तरी मिळतो. पुढे ३ ऑक्टोबर रोजी आयोजकांनी नियम बदलला आणि ज्या प्रकल्पांनी आपण होऊन संमती दिली तेवढ्यांतील कामच धरले जाऊ लागले. संमती आधी का विचारली नव्हती, हा प्रश्न राहतोच. पुढाऱ्याने पहिली कुदळ मारावी, छायाचित्र निघावे आणि रस्ता तसाच राहावा, असे श्रमदान आपल्या परिचयाचे आहे. येथे तर रस्ता उकरून ठेवला गेला. आता कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने घटकाभरात शेकडो ओळी पाडता येतात. त्या वाचून पारखण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

म्हणून मेळावा भरवण्याआधी महिनाभर आयोजकांनी प्रकल्पाच्या सांभाळकर्त्याकडे जावे आणि त्याला काय हवे ते विचारावे. बहुधा त्याला नवी आज्ञावली नको असते. जुन्या तक्रारींची छाननी, चाचण्या, माहितीपत्राचे नीट लेखन, मराठीसारख्या भाषेत रूपांतर, अशी नीरस कामे त्याच्याकडे पडून असतात. बक्षिसाची निम्मी रक्कम तीन महिने राखून ठेवावी आणि ज्याचे काम स्वीकारले गेले व जो अद्याप टिकून आहे त्याला द्यावी. तपासणीस बसणाऱ्यालाही मानधन द्यावे. २००५ पासून चाललेल्या गूगलच्या ‘समर ऑफ कोड’मध्ये प्रत्येक उमेदवाराला मार्गदर्शक आणि कित्येक आठवड्यांची मुदत मिळते, हे अनुकरणीय आहे. झिरोधा या भारतीय कंपनीने २०२४ साली अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. फुकटची आज्ञावली वापरून नफा कमावणाऱ्या आपल्या इतर कंपन्यांनी त्याची दखल घेतल्यास बरे.

राहिला प्रश्न विद्यापीठांचा. हॅकॅथॉनमधील सहभागासाठी विद्यार्थ्याला श्रेयांक द्यावयाचे असतील, तर आयोजकाच्या प्रशस्तिपत्रावर विसंबू नये. ज्या प्रकल्पात त्याने काम केले त्याच्या सांभाळकर्त्याचे चार ओळींचे पत्र मागावे, आणि तेही सत्र संपताना.