विमानाची वेळ बदलली, मेसेज एजंटला

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा विमानतळांवरचे हाल आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिले. आपल्या घरांतला घोळ मात्र वेगळाच असतो. उमराह असो की आखातातली नोकरी, तिकीट आपण एजंटकडून काढतो आणि बुकिंगवर नंबर त्याचाच पडतो. मग वेळ बदलल्याचा मेसेजही त्यालाच!

डीजीसीएचा नियम असा: उड्डाण रद्द झालं किंवा देशांतर्गत उड्डाणाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, निवड आपली. रद्द झाल्याचं २४ तास आधीही कळवलं नाही, तर वर ५ ते १० हजारांपर्यंत भरपाई. मूळ भाडं आणि इंधन आकार मिळून रक्कम कमी भरत असेल, तर तेवढीच. खराब हवामानासारखं कारण असेल तर नाही. आणि प्रवाशाने संपर्काची नीट माहिती दिली नसेल, तरीही नाही. आपण अडकतो ते इथेच.

काउंटरवर "एजंटला विचारा" म्हणतात. पण एजंटकडच्या तिकिटाच्या परताव्याचीही जबाबदारी विमान कंपनीचीच आहे. (परदेशी कंपन्या परताव्यासाठी त्यांच्या देशाचे नियम लावतात, हे ध्यानात असू द्या.) दाद मिळाली नाही तर एअरसेवावर तक्रार करता येते. तिकीट हातात आलं की पीएनआर टाकून आधी बघा, नंबर कोणाचा आहे.