सगळं ठाऊक असलेला प्रोग्रॅम

डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सच्या प्रॅक्टिकलमध्ये बुली अल्गोरिदम जवळपास ठरलेलाच असतो. पाच नोड, म्हणजे एकमेकांना जोडलेले संगणक, प्रत्येकाला एक क्रमांक, ज्याचा क्रमांक सगळ्यांत मोठा तो नेता. नेत्याकडून उत्तर येईनासं झालं, की ज्याच्या हे लक्षात येतं तो नोड आपल्यापेक्षा मोठ्या क्रमांकांना मेसेज पाठवतो. ठरावीक वेळात कुणाचंच उत्तर आलं नाही, तर तोच स्वतःला नेता जाहीर करतो. हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी ही पद्धत १९८२ साली मांडली आणि आज ती आपल्याकडच्या मुलांच्या जर्नलमध्ये आकृतीसकट उतरलेली असते.

मुलं हा प्रोग्रॅम लिहितात कसा, ते बघा. वरती पाच घरांचा एक अ‍ॅरे. प्रत्येक घरात ट्रू किंवा फॉल्स. ट्रू म्हणजे नोड चालू, फॉल्स म्हणजे बंद. मेनूतून एखादा नोड बंद केला की त्याच्या घरात फॉल्स लिहिलं जातं. मग एक फॉर लूप शेवटच्या घराकडून मागे येत जातो, पहिलं ट्रू सापडलं की थांबतो आणि स्क्रीनवर नव्या नेत्याचा क्रमांक छापतो. आउटपुट बरोबर येतं, सही होते, सबमिशन संपतं.

त्या प्रोग्रॅममध्ये डिस्ट्रिब्युटेड असं काहीच नसतं. कोण जिवंत आणि कोण बंद, हे सांगणारा अ‍ॅरे सगळ्यांच्या मधोमध ठेवलेला असतो आणि तो कुणालाही क्षणात वाचता येतो. प्रत्यक्षात असा अ‍ॅरे कुणाकडेच नसतो. तो नसतो म्हणूनच तर निवडणुकीची पद्धत शोधावी लागली. मुलांना मी यात दोष देत नाही. जिथे तो अ‍ॅरे हाती लागणारच नाही अशी जागा आपण त्यांना प्रोग्रॅम लिहायला दिलेलीच नाही. ती जागा म्हणजे चांगला सिम्युलेटर, आणि तो पदवीच्या प्रत्येक प्रयोगशाळेत आला पाहिजे, हे मला आज सांगायचं आहे.

समोरच्याचं काय झालं ते न कळणं म्हणजे नेमकं काय, हे इंजिनीअर नसलेल्या वाचकालाही ठाऊक आहे. यूपीआयने पैसे पाठवले आणि व्यवहार 'प्रलंबित' दिसत राहिला, असं कधी ना कधी प्रत्येकाचं झालेलं असतं. त्या एका व्यवहारात पाठवणाऱ्याची बँक, घेणाऱ्याची बँक आणि मधली, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयची यंत्रणा, इतके तरी वेगवेगळे भिडू असतात. एकाने दुसऱ्याला 'जमा करा' असं कळवलं आणि उत्तर आलं नाही. मेसेज पोचलाच नाही? की पोचला, पैसेही जमा झाले, पण पोच परतताना हरवली? की समोरचा नुसताच हळू चाललाय? विचारणाऱ्याला या तिन्ही शक्यता हुबेहूब सारख्या दिसतात. पुन्हा पाठवावं तर दोनदा जमा होण्याची भीती, न पाठवावं तर कुणाचा तरी पगार अडकलेला. अनेक संगणकांवर पसरलेलं कुठलंही ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याचं निम्मं आयुष्य या पेचात जातं, आणि आपल्या प्रॅक्टिकलमध्ये हा पेच एकदाही उभा राहत नाही.

हा पेच उभा करू शकणारे सिम्युलेटर बरेच आहेत. मला त्यातला सिमग्रिड सर्वांत जवळचा वाटतो, आणि त्याला कारण आहे. आँरी कासानोव्हा यांनी २००१ साली त्याचा पहिला शोधनिबंध लिहिला, तेव्हा प्रश्न वेळापत्रकाचा होता: बरीच कामं आणि बरेच वेगवेगळ्या वेगाचे संगणक असतील, तर कुठलं काम कुठे धाडायचं? त्या पहिल्या रूपात निर्णय घेणारा एकच असायचा आणि त्याला सगळं दिसायचं. २००३ सालापर्यंत आर्नो लग्राँ आणि इतरांनी त्यावर एमएसजी नावाचा नवा इंटरफेस चढवला. आता प्रत्येक नोडवर स्वतंत्र प्रोग्रॅम चालू लागला, स्वतःपुरता विचार करणारा, दुसऱ्याशी फक्त मेसेजने बोलणारा. सगळं बघणारा तो मधला एकटा निर्णयकर्ता नाहीसा झाला. माझ्या मते सिमग्रिडच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे.

आज एमएसजीची जागा एसफोरयू नावाच्या इंटरफेसने घेतली आहे. तो सी प्लस प्लसमधून वापरता येतो आणि पायथॉनमधूनही. विद्यार्थ्याच्या हाती येणाऱ्या क्रिया मोजक्याच: इतकं गणन कर, या मेलबॉक्समध्ये मेसेज टाक, त्या मेलबॉक्समधून घे, इतका वेळ थांब. घेताना जास्तीत जास्त किती वेळ वाट पाहायची तेही सांगता येतं, आणि तेवढ्यात काही आलं नाही तर प्रोग्रॅमला फक्त वेळ संपल्याचं कळतं. किती संगणक आहेत, कुणाचा वेग किती, कुठली तार किती रुंद, त्यात विलंब किती, हे सारं प्लॅटफॉर्मच्या वेगळ्या वर्णनात असतं. कुठला संगणक कधी बंद पडणार, कुठल्या दुव्याचा विलंब कधी वाढणार, हेही तिथेच लिहायचं. विद्यार्थ्याच्या कोडला त्याचा पत्ता नसतो.

इंटरफेस साधा असला की शिकायला सोपं जातं, असं सहसा म्हटलं जातं आणि ते खरंही आहे. मला मात्र त्याचा दुसरा गुण जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यातलं काय वापरू द्यायचं नाही, हे शिक्षकाला ठरवता येतं. समोरचा जिवंत आहे का, हे विचारण्याची क्रिया तिथे मुळातच दिलेली नाही असं धरून प्रॅक्टिकल लिहायला लावलं, तर विद्यार्थ्याजवळ पाठवणं, घेणं आणि वाट पाहणं एवढंच उरतं. खऱ्या नोडजवळही तेवढंच असतं.

तोच बुली या जागी आणून चालवू या. पाचवा नोड नेता आहे आणि धडधाकट आहे. चौथा आणि पाचवा ज्या दुव्यापलीकडे आहेत त्याचा एका बाजूचा विलंब तीन सेकंद झाला, आणि वाट पाहण्याची मुदत आहे दोन सेकंद. तिसऱ्याला नेत्याकडून काही येत नाही, तो वर मेसेज पाठवतो, दोन सेकंद थांबतो आणि पहिल्या-दुसऱ्याला सांगतो की आता मी नेता. त्याच क्षणी पलीकडे चौथा पाचव्यालाच नेता मानून काम करतोय. काही सेकंदांनी पाचव्याची घोषणा अलीकडे पोचेल आणि गोंधळ मिटेल, पण तेवढ्या वेळात दोन्ही नेत्यांनी आपापल्या हुकमाने नोंदी लिहिल्या असतील तर त्या कोण निस्तरणार? गार्सिया-मोलिना यांची पद्धत चुकलेली नाही. मेसेज अमुक वेळात पोचतोच, हे गृहीत धरूनच ती मांडलेली आहे. अ‍ॅरेवाल्या प्रोग्रॅममध्ये ते गृहीतक विद्यार्थ्याच्या नजरेला पडतच नाही. इथे ते त्याच्या डोळ्यांदेखत मोडतं, आणि रॅफ्टसारख्या नंतरच्या पद्धतींत प्रत्येक नेत्याच्या कारकिर्दीला क्रमांक का दिला, बहुमताची अट का घातली, हे मग पाठ करावं लागत नाही.

वेळेचंही सांगायला हवं. सिम्युलेटरमधलं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी बांधलेलं नसतं. पुढची घटना तीन सेकंदांनी असेल तर ते थेट तिथे उडी घेतं. त्यामुळे हजारो नोडची तासन् तासांची धावपळ एका लॅपटॉपवर थोडक्यात उरकते.

वरचा इंटरफेस साधा असला तरी खालचं गणित साधं असून चालत नाही. आपल्याकडे यावर पुरेशी चर्चा होत नाही. शंभर मेगाबिटचा एक दुवा आहे आणि त्यावरून दोन प्रवाह चाललेत. पहिला पुढे कुठेतरी अरुंद जागेत अडकल्यामुळे दहाच्या वर जाऊच शकत नाही. घाईने लिहिलेला सिम्युलेटर दुव्याचे सरळ दोन भाग करतो, पन्नास आणि पन्नास. प्रत्यक्षात उरलेले नव्वद दुसऱ्याला मिळतात. नऊशे मेगाबिट पाठवायचे असतील तर पहिल्या हिशोबाने अठरा सेकंद, दुसऱ्याने दहा. एवढ्या फरकावर 'माझी पद्धत इतरांपेक्षा चांगली' असे निष्कर्ष उलटे होऊ शकतात. प्रत्येक पॅकेट मोजणाऱ्या एनएस-३ सारख्या सिम्युलेटरमध्ये असं सहसा होत नाही, पण तो मोठ्या पसाऱ्याला फार वेळ घेतो. सिमग्रिड पॅकेट मोजत नाही, पाण्याच्या धारेसारखा अखंड प्रवाह धरतो आणि दर वेळी प्रवाह सुरू झाला किंवा संपला की वाटणी नव्याने मांडतो. ही तडजोड आहे, आणि ती करणाऱ्यांनी ती लपवलेली नाही. पॅकेट मोजणाऱ्या सिम्युलेटरशी ताडून पाहताना लहान मेसेजच्या बाबतीत अंदाज चुकतो हे त्यांना दिसलं, कारण टीसीपी सुरुवातीला दबकत वेग वाढवतं. मग त्यांनी विलंबाला १३.०१ ने गुणलं, रुंदीला ०.९७ ने, आणि आपलं मॉडेल कुठे लागू पडतं, कुठे नाही, हे लिहून ठेवलं. ज्या साधनाच्या लेखकांनी स्वतःच्या चुका अशा मोजून छापल्या आहेत, त्या साधनावर मी विश्वास ठेवतो.

आपल्याकडच्या एम.ई., एम.टेक.च्या प्रबंधांमध्ये क्लाउडसिम खूप दिसतं. मेलबर्न विद्यापीठात राजकुमार बुय्या यांच्या गटाने जावात लिहिलेलं हे साधन कुठलं काम कुठल्या व्हर्च्युअल मशीनवर टाकायचं, या प्रश्नासाठी चांगलं आहे. नोडनी एकमेकांशी बोलण्यातला पेच शिकवायला मात्र ते योग्य नाही, आणि दोन्हींची गल्लत होऊ नये.

कुणी म्हणेल, कशाला ही नक्कल? लॅबमध्ये मशीन आहेत, जोडा आणि करा. एका खोलीतली, एकाच स्विचवरची मशीन फार शहाण्यासारखी वागतात. त्यांच्यातला मेसेज उशिरा पोचत नाही, आणि पोचलाच तर तो उशीर दुसऱ्यांदा घडवून आणता येत नाही. मोठ्या यंत्रांचा प्रश्न आणखी वेगळा. पुण्यात सी-डॅक १९८८ साली सुरू झालं, १९९१ साली परम ८००० हा महासंगणक आला, आज आयसर पुण्यात परम ब्रह्म आहे. या यंत्रांचा वेळ संशोधनासाठी राखलेला असतो आणि तो तसाच राहावा. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजमधल्या मुलीला 'मी निम्मे नोड मध्येच बंद पाडून बघते' असं म्हणायला तिथे कोण देणार? तिच्या लॅपटॉपवर मात्र ती ते करू शकते. सिमग्रिडच्या एसएमपीआय या भागामुळे एमपीआय या मेसेज पाठवण्याच्या प्रमाण पद्धतीत लिहिलेला तिचा प्रोग्रॅम सहसा न बदलता कल्पनेतल्या क्लस्टरवर चालतो. पुढे खऱ्या यंत्राचा वेळ मिळालाच, तर ती तयारीनिशी जाईल.

नक्कल फक्त शिकणाऱ्यांसाठी असते, हा समजही काढून टाकायला हवा. फाउंडेशनडीबी हा डेटाबेस बनवणाऱ्या कंपनीतल्या लोकांनी डेटाबेसच्या आधी सिम्युलेटर हाती घेतला. नेटवर्क, डिस्क आणि घड्याळ या तिन्हींच्या जागी नकली भाग बसवता येतील अशा बेताने त्यांनी सगळं कोड लिहिलं, त्यासाठी सी प्लस प्लसवर फ्लो नावाची भाषा चढवली. सिम्युलेटरमध्ये सगळा क्लस्टर एकाच प्रोसेसमध्ये चालतो. त्यातला प्रत्येक अपघात एका सुरुवातीच्या आकड्यातून, सीडमधून, जन्मतो. बग सापडला की तोच सीड पुन्हा द्यायचा, आणि तोच अपघात त्याच क्रमाने पुन्हा घडतो. अॅपलने २०१५ साली ही कंपनी घेतली आणि २०१८ साली कोड सर्वांसाठी खुलं केलं. पसरलेल्या ॲप्लिकेशनमधला बग पुन्हा घडवता न येणं यासारखा दुसरा छळ नाही. हा छळ ज्यांनी भोगलाय त्यांना सीडची किंमत सांगावी लागत नाही.

सुरुवात करायची तर आणखी सोपे मार्गही आहेत. एमआयटीच्या अभ्यासक्रमात मुलं गो भाषेत रॅफ्ट लिहितात ते मेसेज हरवणाऱ्या, लांबवणाऱ्या, क्रम बदलणाऱ्या नकली नेटवर्कवर. काइल किंग्सबरी यांच्या मेलस्ट्रॉममध्ये तर एक ओळ वाचता आणि एक ओळ छापता येईल अशी कुठलीही भाषा चालते. मेसेज जेसनमध्ये येतो, उत्तर जेसनमध्ये द्यायचं, आणि मधल्या मधे नेटवर्क तोडून उत्तरं सुसंगत आहेत का हे ते स्वतः तपासतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही हे जमेल.

यासाठी विद्यापीठाच्या ठरावाची वाट बघण्याची गरज नाही. अभ्यासक्रमात पद्धतीचं नाव असतं, ती कुठे चालवायची ते शिक्षक ठरवू शकतात. सिमग्रिड फुकट आणि खुलं आहे. विंडोजवर ते थेट चालत नाही, त्यातल्या लिनक्सच्या सोयीतून चालवावं लागतं, म्हणजे लॅब असिस्टंटला सुट्टीत काही दिवस द्यावे लागतील. जर्नलमध्ये आउटपुटच्या फोटोऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: कोड, प्लॅटफॉर्मचं वर्णन आणि सीड. एक्स्टर्नलने त्यातला एखादा विलंब बदलून समोरच चालवून बघावं. आणि निम्मे गुण ठेवावेत ते पद्धत जिथे कोलमडते अशी एक परिस्थिती विद्यार्थ्याने स्वतः शोधून दाखवण्यासाठी.