नाव कुणाच्या नावावर?



गणपती जवळ आले की दरवर्षी दोन प्रश्न हमखास निघतात. मूर्ती यंदा कुणाच्या गराजमध्ये ठेवायची, आणि मंडळाची वेबसाइट कुणीतरी नीट करा रे! दुसऱ्याच्या पोटात तिसरा प्रश्न असतो: डोमेन नेम कुठून घ्यायचं? स्वस्त कुठे मिळतं, आणि स्वस्त देणारा भरवशाचा आहे का? यंदा तिघांनी वेगवेगळं विचारलं, तेव्हा एकदाच सविस्तर लिहितो.

आधी भावाचं बोलू, कारण आपण आधी तेच बघतो. 'डॉट कॉम'ची मूळ नोंदवही व्हेरीसाइन या कंपनीकडे आहे. आपण ज्याच्याकडून नाव घेतो तो रजिस्ट्रार म्हणजे मधला अडत्या. १९९९ पर्यंत 'डॉट कॉम' विकणारी नेटवर्क सोल्युशन्स ही एकच कंपनी होती आणि वर्षाला ३५ डॉलर मोजावे लागायचे. मग आयकॅनने बाजार खुला केला आणि अडत्यांची रांग लागली. पण माल सगळ्यांना एकाच घाऊक भावाने मिळतो. सप्टेंबर २०२४ मध्ये तो १०.२६ डॉलर झाला, वर आयकॅनची फी जुलै २०२५ पासून २० सेंट. म्हणजे साडेदहा डॉलरच्या खाली कुणालाच परवडत नाही. (घाऊक भाव अधूनमधून वाढवायची मुभा करारात आहे, त्यामुळे घेताना ताजा आकडा बघून घ्या.)

हा एक आकडा डोक्यात ठेवला की जाहिराती आपोआप वाचता येतात. ११-१२ डॉलर सांगणारा सरळ धंदा करतोय. एक डॉलरला देणारा पहिल्या वर्षी पदरचे साडेनऊ घालतोय आणि ते तो दुसऱ्या वर्षी २०-२२ डॉलर लावून वसूल करणार. म्हणून पहिल्या वर्षाची किंमत बघूच नका, रिन्यूअलची बघा. ती मोठ्या अक्षरांत नसते, शोधावी लागते. आणि जिथे शोधूनही सापडत नाही तिथून सरळ उठावं. 'डॉट ऑनलाइन' वगैरे नव्या शेपट्यांना तर हे दुप्पट लागू. मालकाचा पत्ता-फोन झाकण्याची सोय पूर्वी वर्षाला आठ-दहा डॉलरला विकली जायची. आता बरेच चांगले रजिस्ट्रार ती फुकट देतात, तेव्हा तिचे वेगळे पैसे मागणारा दिसला की समजून जा.

नावं सांगायची तर क्लाउडफ्लेअर २०१८ पासून घाऊक भावातच नावं देतं, पण मग नेमसर्व्हर त्यांचेच वापरावे लागतात. ही अट चालत असेल तर याहून स्वस्त काही नाही. पॉर्कबन आणि नेमचीप हेही बऱ्याच जणांच्या वापरातले. माझं कुणाशी साटंलोटं नाही. गूगल मोठं म्हणून अनेकांनी तिथे नावं घेतली होती, पण २०२३ मध्ये गूगलने तो सगळा धंदा स्क्वेअरस्पेसला विकला आणि गिऱ्हाइकंही त्याच्याबरोबर गेली. मोठं नाव म्हणजे कायमचं घर नव्हे.

बुडणारे त्याहून वाईट. रजिस्टरफ्लायची गोष्ट काहींना आठवत असेल. लोकांनी रिन्यूअलचे पैसे भरले, ते पुढे नोंदवहीपर्यंत पोचलेच नाहीत, आणि नावं हातची गेली. मार्च २००७ मध्ये आयकॅनने त्यांची मान्यता काढली आणि उरलेली लाखो नावं गोडॅडीकडे सोपवली. त्यानंतर रजिस्ट्रारांना गिऱ्हाइकांच्या नोंदींची प्रत त्रयस्थाकडे ठेवायला लावायचं काम आयकॅनने मनावर घेतलं. म्हणून आयकॅनच्या साइटवरच्या मान्यताप्राप्त रजिस्ट्रारांच्या यादीत नाव आहे का, एवढं दोन मिनिटं काढून बघाच. होस्टिंगबरोबर 'डोमेन फुकट' देणारे पुष्कळदा नुसते रीसेलर असतात, अडत्याचा अडत्या. आणि जेवण व भांडी एकाच दुकानातून कशाला घ्यायची? होस्टिंगवाल्याशी भांडण झालं की नावही त्याच्याच मुठीत.

इथवर सगळं कुठेही वाचायला मिळतं. खरी गोम आपल्यासारख्या फिरत्या लोकांची आहे. आपले पत्ते बदलतात, नोकऱ्या बदलतात, व्हिसा बदलतात, कार्डं बदलतात. डोमेन मात्र यातल्याच कशाला तरी बांधलेलं असतं.

आमच्या शेजारच्या राज्यातल्या एका मंडळाचं उदाहरण देतो. नाव घेतलं तेव्हाच्या खजिनदारांनी, स्वतःच्या कार्डावर आणि ऑफिसच्या ईमेलवर. माणूस अत्यंत सज्जन, वर्षानुवर्षं पदरचे पैसे भरत होता, कुणाला पत्ताही नाही. पुढे ते पुण्याला परत गेले. ऑफिसची ईमेल बंद, कार्ड बंद. रजिस्ट्रारने मुदतीच्या महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी स्मरणपत्रं पाठवायची असतात, तशी त्याने पाठवलीही असणार. ती गेली त्या बंद डब्यात. मुदत संपल्यावर साइट बंद पडली, कमिटीला वाटलं सर्व्हरचा घोळ आहे. कळेपर्यंत नाव लिलावात गेलं होतं. आता तिथे जुगाराच्या जाहिराती आहेत. मंडळाच्या बँकेची, करखात्याची, शाळेच्या हॉलच्या बुकिंगची ईमेल सगळी त्याच नावावर होती! गेल्या कार्यक्रमांचे फोटो कुणाच्या तरी डिस्कवर सापडले, पण नाव गेलं ते गेलंच.

यात खजिनदारांचा दोष काय? काहीच नाही. डोमेन विकत मिळत नाही मंडळी, भाडेपट्ट्याने मिळतं, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. आणि रजिस्ट्रारच्या लेखी मालक तोच, ज्याचं नाव त्या खात्यावर. पैसे कुणी दिले याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

तेव्हा नोंद संस्थेच्या नावावर करा. ईमेल ऑफिसची नको आणि त्याच डोमेनवरचीही नको (साइट गेली की ती ईमेलही जाते, मग पासवर्ड कुठे मागवणार?). वेगळी ईमेल, तिच्या चाव्या दोघांकडे. नवं नाव घेतलं की ईमेलची खात्री करा म्हणून जे पत्र येतं त्याला १५ दिवसांत उत्तर द्या, नाहीतर नाव बंद ठेवतात. नाव घरच्यांसाठी घेतलं असेल आणि आई-बाबांचं भारतातलं कार्ड लावलं असेल तर ऑटो-रिन्यूवर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून आधी रीतसर मंजुरी दिल्याशिवाय कार्डातून असे आपोआप पैसे जात नाहीत. सरळ पाच वर्षांचे एकदम भरून टाका.

नावाची शेपटी निवडतानाही उद्या आपण कुठे असू याचा विचार करा. 'डॉट यूएस'साठी अमेरिकेशी संबंध लागतो, नागरिक किंवा रहिवासी तरी असावं लागतं. एच-वन संपवून गाशा गुंडाळला की प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमधल्या आपल्या लोकांनी हौसेने 'डॉट ईयू' घेतली होती, ब्रेक्झिटनंतर १ जानेवारी २०२१ ला ती नावं स्थगित झाली. 'डॉट इन' मात्र २००५ पासून खुलं आहे, जगात कुठूनही घेता येतं. फक्त मालकाची माहिती झाकणारी प्रॉक्सी सेवा तिथे चालत नाही.

आणि भरवशाची परीक्षा कशी घ्यायची, तर बाहेर पडायचा रस्ता तपासून. खात्यात शिरून ट्रान्सफरचा कोड कुठे मिळतो ते बघा. एक बटण दाबून मिळाला तर उत्तम. मागितल्यावर ५ दिवसांत द्यावा असा नियमच आहे; फोन करा, फॅक्स करा, कारण सांगा अशी टोलवाटोलवी सुरू झाली तर तिथे राहण्यात अर्थ नाही. नवं घेतलेलं किंवा नुकतंच हलवलेलं नाव साधारण ६० दिवस हलवता येत नाही, तेवढं सोडलं तर 'डॉट कॉम' कधीही हलवा. ट्रान्सफरच्या पैशांत एक वर्ष वाढूनच मिळतं, म्हणजे वाया काही जात नाही. मुदत संपायच्या आठवड्यात मात्र हा उद्योग करू नका, महिना-दोन महिने आधी करा. मुदत उलटून नाव पार खोडलं गेलं तरी पुढचे ३० दिवस मूळ मालकाला ते परत घेता येतं, पण त्याचा दंड रिन्यूअलच्या कितीतरी पट असतो.

आपल्या मंडळाचं डोमेन कुणाच्या खात्यात आहे, हे या शनिवारच्या मीटिंगमध्ये विचारा. उत्तर यायला दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला, तर आयकॅनच्या लुकअप पानावर नाव टाकून मुदतीची तारीख आणि रजिस्ट्रार आधी बघून घ्या. माजी खजिनदारांचा फोन नंबर मग शोधा.