विलीनीकरण झाले, दप्तर राहिले

भूम आणि परंड्याहून या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे. निजामकालीन दप्तराची नक्कल मिळते, पण कडेला लिहून दिलेले इसवी साल चुकीचे असते आणि पुढे शिक्क्याच्या जोरावर तेच साल पुरावा म्हणून चालते.

एका वकील भगिनीने पाठवलेले प्रकरण आमच्या टेबलावर आहे. लावणीची पावती, महिना अमरदाद, साल 1358 फसली. नक्कल देणाऱ्याने 1358 मध्ये 590 मिळवले, '1948' लिहिले आणि सही ठोकली. हैदराबादचे फसली साल आजूर महिन्यात, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. ऑक्टोबर ते डिसेंबरला 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 591. अमरदाद येतो जून-जुलैत. पावती 1949 ची आहे.

एका वर्षाने काय बिघडते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1950 चे कलम 34 उघडा. संरक्षित कुळासाठी सलग सहा वर्षांची वहिवाट हवी आणि एका पर्यायात ती 1353 फसलीच्या पहिल्या दिवसानंतर सुरू होऊन कायदा लागू होण्याआधी पुरी झालेली हवी. तो पहिला दिवस 6 ऑक्टोबर 1943 असल्याचे कायद्यातच कंसात दिले आहे. 1353 ते 1358 ही साले मोजली तर सहा भरतात. शेवटची पावती 1948 ची धरली की पाचच उरतात आणि कुळाच्या नातवंडांचा दावा तिथेच बसतो. दुरुस्तीचा अर्ज दिला तर उत्तर येते की मूळ कागद उर्दूत आहे, अधिकृत भाषांतर आणा. भाषांतर नेले तर विचारतात, भाषांतरकार शासनमान्य आहे का? मान्यताप्राप्त भाषांतरकारांची यादी मागितली तर ती त्या कार्यालयात नाही. दुरुस्तीला कायद्याचे पुस्तक पुरेसे असताना पक्षकाराने तालुका ते जिल्हा खेटे घालायचे!

हे वर्ष नुसते हिशेबाचे नाही. 29 नोव्हेंबर 1947 च्या जैसे थे करारानंतर निजाम सरकारने स्वतंत्र राष्ट्र होण्याचा हट्ट संयुक्त राष्ट्रसंघापर्यंत नेला. स्वतःचे चलन, टपाल, रेल्वे आणि करोडगिरीची नाकी असलेले ते संस्थान होते. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरकडून आपल्याच नळदुर्गात शिरले आणि 17 ला शरणागती झाली. निजामाने सामीलनाम्यावर सही कधीच केली नाही. 23 नोव्हेंबर 1949 च्या फर्मानाने त्याने भारताची राज्यघटना स्वीकारली. म्हणजे 1948 च्या जुलैतला कागद निजामाच्या अमलातला आणि 1949 च्या जुलैतला मिलिटरी गव्हर्नरच्या. जहागिरी खालसा करण्याचा कायदाही 1358 फसलीचाच, ऑगस्ट 1949 चा. त्याच्या आधीचे की नंतरचे, यावर किती दावे उभे आहेत ते कोर्टाच्या बोर्डावर पाहावे.

विलीनीकरण घाईनेच होते असे नाही. क्रोएशियासारखा लहान देश युरोपीय संघात गेला तेव्हा वाटाघाटी 2005 मध्ये सुरू झाल्या आणि सदस्यत्व 1 जुलै 2013 ला मिळाले. पस्तीस प्रकरणांत कायदे आधी जुळवले, मग दार उघडले. आपल्याकडे रझाकारांच्या अत्याचारांपुढे इतकी उसंत नव्हती. पाच दिवसांची कारवाई योग्यच होती. पण पुढे 1956 ला मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्र झाला, 1967 ला महाराष्ट्र जमीन महसूल संहिता लागू झाली. यातल्या एकाही टप्प्यावर जुन्या दप्तराची मराठी सूची करावी असे कोणाला वाटले नाही. त्यात 1950 च्या आदेशाने सोलापूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत अडकलेली एकमेकांची गावे इकडची तिकडे झाली. अशा गावाचे त्याआधीचे कागद कोणत्या जिल्ह्यात शोधायचे, हे आजही विचारत फिरावे लागते.

मराठा-कुणबी नोंदींसाठी शासनाने मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून काढले, दप्तरे स्कॅन केली. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटियरविषयीच्या शासन निर्णयाने या कामाला आणखी वेग आला. म्हणजे मनात आणले तर होते! मग तेच पान जमिनीच्या कामासाठी पुन्हा न वाचल्यासारखे का ठेवायचे? वाचलेल्या प्रत्येक पानाचा गाव, सर्व्हे नंबर, फसली साल आणि महिना मराठीत नोंदवून ती सूची प्रत्येक तहसीलमध्ये उघडी ठेवा. नकलेवर इसवी साल लिहायचेच असेल तर महिना पाहून लिहा. याला नवा कायदा लागत नाही, जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरे.

आता आपल्याकडे. कित्येक वकील आणि दस्तलेखक संगणकीकृत सातबारा पाहून खरेदीखताचा मसुदा करतात. 1954-55 चे खासरा पत्रक मागवत नाहीत, कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम 50ब चा शेरा आहे का पाहत नाहीत, जुन्या कागदातली रक्कम निजामाच्या हाली शिक्क्यात आहे की कलदार रुपयांत हेही विचारत नाहीत. पाच वर्षांनी पक्षकार दारात येतो तेव्हा दोष सरकारचा नसतो. हे थांबले पाहिजे.

ज्यांना मोडी येते त्यांनी बार रूममध्ये आठवड्यातून एक संध्याकाळ तरुणांना द्यावी. तालुक्यातले निवृत्त उर्दू शिक्षक बोलावले तर येतील, त्यांना सन्मानाने बोलवा. बारा फसली महिन्यांचा तक्ता पुढच्या अंकात छापतो आहोत; तो प्रत्येक नक्कल विभागाच्या भिंतीवर तुम्ही स्वतः नेऊन लावा. आणि चुकीच्या सालाची जी जी नक्कल हाती आली असेल तिची प्रत, पक्षकाराचे नाव झाकून, महिनाअखेरपर्यंत आमच्याकडे पाठवा. सगळा गठ्ठा घेऊन आम्ही जिल्हाधिकाऱ्यांना भेटणार आहोत. त्या दिवशी प्रत्येक तालुक्यातून निदान दोघे तरी सोबत या.